कुलूप लावलेल्या घरांचं सांडपाणी

पाहुण्यांशी माझी ओळख करून देताना बायको "हे पाण्याचं बघतात" एवढंच सांगते. कुठलं पाणी, ते सांगत नाही. नोकरीचा पहिला निम्मा काळ मी लोकांच्या घरात जाणारं पाणी साफ करण्याच्या प्रकल्पांवर होतो आणि उरलेला निम्मा घरातून बाहेर पडणारं. आता निवृत्त आहे, तरी पंगतीला बसलो की तिची नजर माझ्यावर असते. कारण कोणी आस्थेनं विचारलं, तर गाळ तळाला कसा बसतो हे मी वरणाची वाटी पुढे ओढून दाखवतो.

चुका मी दोन्ही पाण्यांत केल्या. स्वच्छ पाण्यातल्या आठवल्या की हसू येतं. गोव्यात डिचोलीकडच्या एका प्रकल्पावर मी नवीन होतो. खाणी जोरात होत्या, आणि पावसाळ्यात खाणींच्या लाल मातीनं नदीचं पाणी चहासारखं दिसायचं. अशा पाण्यात तुरटी घालायची. ती बारीक माती धरते, तिचे गोळे होतात, गोळे खाली बसतात. वरचं पाणी वाळूतून गाळायचं आणि शेवटी जंतू मारायला क्लोरीन द्यायचा. एवढ्यासाठी मी इंजिनिअरिंग शिकलो. फक्त तुरटी किती घालायची ते रोज काचेच्या भांड्यांत करून बघावं लागतं, कारण नदी रोज वेगळी असते. मी एके दिवशी कंटाळा केला आणि कालचंच प्रमाण चालू ठेवलं. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या एक बाई नवऱ्याचा पांढरा शर्ट घेऊन ऑफिसात हजर. शर्ट फिकट गुलाबी झाला होता.

"सोलकढीत धुतल्यासारखो दिसता," त्या म्हणाल्या. "आता हो तुमीच घाला."

मी शर्ट अंगाला लावून पाहिला. मापाचा होता. बाईंना हसू आलं आणि प्रकरण तिथंच मिटलं. ही गोष्ट मी पंगतीत सांगतो. पुढची सांगत नाही.

गाव पेडण्यातलं. इब्रामपूरच्या अलीकडे की पलीकडे ते विचारू नका, तिथं मला अजून जेवायला बोलावतात. गावाचे दोन वाडे, मधलावाडा आणि देऊळवाडा. मधलावाडा उतारावर बसलेला, घराला घर लागून. जमीन जांभ्याची, आणि जांभ्याला भोकं फार. वरच्या घराचा संडासाचा शोषखड्डा आणि खालच्या घराची विहीर यांच्यामध्ये जांभा काही आड येत नाही. विहिरींचं पाणी बिघडलं, मुलांची पोटं बिघडू लागली, आणि शेवटी वाड्यातल्या सगळ्या घरांचं सांडपाणी नळांनी एकत्र आणून उताराच्या तळाशी एका छोट्या प्रकल्पात साफ करायचं ठरलं. ते काम आमच्या कंपनीकडे आलं आणि कंपनीनं ते माझ्याकडे दिलं.

सांडपाण्याचा प्रकल्प म्हणजे काय, ते एकदा सांगून टाकतो. तो एक गोठा असतो. गुरं म्हणजे जंतू, डोळ्यांना दिसत नाहीत इतकंच. पाण्यातली घाण ही त्या जंतूंची वैरण. एका टाकीत ते पाळायचे, त्यांना खालून हवा फुंकत राहायची, त्यांनी घाण खायची. मग पुढच्या शांत टाकीत जंतूंचा गाळ खाली बसतो, तो पुन्हा गोठ्यात आणायचा आणि वरचं निवळलेलं पाणी बाहेर सोडायचं. नीट चाललेल्या प्रकल्पाला ओल्या मातीसारखा वास येतो. मला तो आवडतो. बायकोला मी हे एकदाच सांगितलं.

बाहेर सोडायचं म्हणजे व्हाळात. उताराखालून एक ओढा वाहतो, त्याला सगळे नुसतं व्हाळ म्हणतात. वरच्या अंगाला त्यात नुसता खडक. प्रकल्पाच्या खालीच थोडं पुढे पाणी कमरेएवढं साठतं आणि तिथं दगडी पायऱ्या आहेत. मधल्यावाड्याचे गणपती पिढ्यानपिढ्या त्या पायऱ्यांवरून पोचवतात. आमच्याकडे गणपती बुडवला म्हणत नाहीत, पोचवला म्हणतात.

म्हणून वाड्याच्या बैठकीत पहिला प्रश्न वासाचा आला आणि दुसरा व्हाळाचा. विचारले ते शाणूकाकांनी. शाणूकाका म्हणजे वाड्याचे वडीलधारे. भात, थोडी सुपारी, चार गुरं आणि देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान. बोलणं कमी.

"वास येतलो?"

"येणार नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी इतक्या गावांत इतक्या वेळा म्हटलेलं आहे, की झोपेतून उठवलं तरी म्हणेन.

"आणि व्हाळ?"

"होता तसाच राहील."

शाणूकाकांच्या मागे दाराला टेकून त्यांची बायको उभी होती. सत्यवतीकाकी. यांचं बोलणं कमी नव्हतं.

"इंजिनेरानु, तुमी हंय रावतलात?"

"नाही काकी. माझं घर मयेला."

"मगे तुमच्या नाकाक काय."

बैठक हसली. मीही हसलो. शाणूकाका हसले नाहीत. ते मये हे नाव ऐकून थोडे पुढे सरकले होते. मयेला कोणाच्या घरातला, कोणत्या वाड्यावरचा, सगळं त्यांनी काढून घेतलं. त्यांच्या आत्याचं सासर आमच्या शेजारच्या वाड्यावरचं निघालं, आणि मग माझा इंजिनेरानु जाऊन झिला, म्हणजे घरचा मुलगा, झाला.

काम सुरू करण्याआधी राखणदाराला नारळ ठेवला. पेडण्यात जागेचा राखणदार असतो आणि त्याला विचारल्याशिवाय कोणी कुदळ मारत नाही. सगळा वाडा जमला होता. शाणूकाकांनी डोळे मिटून गाऱ्हाणं घातलं.

"बा राखणदारा म्हाराजा, हंय जें काम जाता तें वाड्याच्या बऱ्याखातीर."

"व्हय म्हाराजा," वाडा म्हणाला.

"हो मये गांवचो झील सांगता, व्हाळाक बाधा येवची नाय. ताचो शब्द तो माझो शब्द."

"व्हय म्हाराजा."

"उणें पडलां तर तें माझ्या पदरात घाल, वाड्याच्या न्हय."

"व्हय म्हाराजा," वाडा म्हणाला, आणि सगळ्यांत मोठ्यानं मी म्हणालो. आवाज चांगला लागला होता.

आता माझी करामत. प्रकल्प केवढा बांधायचा हे ठरवायला घरं मोजतात, घरटी माणसं धरतात, माणशी पाणी धरतात. मी जूनच्या एका आठवड्यात वाडा पायी फिरलो. गोव्यातल्या कुठल्याही वाड्यावर असतात तशी तिथंही बरीच घरं बंद होती. कोणी मुंबईला, कोणी वास्कोला, कोणी मडगावला. ओसरीवर पाला साचलेला, दाराला कुलूप. मी कुलपापुढे शून्य लिहीत गेलो. रिकाम्या घराचं सांडपाणी शून्य, याहून सरळ गणित नाही. कंपनीत माझी तारीफही झाली, कारण टाक्या आटोपशीर झाल्या.

एका बंद घराच्या खिडकीतून मी आत डोकावलो होतो. हे मुद्दाम सांगतो. अंधारात आढ्याला चौकोनी लाकडी चौकट टांगलेली दिसली, धुळीनं भरलेली. माटोळी. चवथीला गणपतीच्या डोक्यावर जिला रानातली फळं, नारळ, सुपारीचे घोस बांधतात, ती. मी स्वतः मयेच्या घरी दरवर्षी स्टुलावर चढून माटोळी बांधतो. ज्या घरात माटोळी काढून न ठेवता तशीच टांगलेली असते, त्या घरात चवथीला माणसं येणार म्हणूनच ती टांगलेली असते. हे मला कळायला हवं होतं की नव्हतं? मी हाताला लागलेली खिडकीची धूळ झाडली आणि त्या घरापुढे शून्य लिहिलं.

प्रकल्प उभा राहिला. गोठा भरायला पहिले जंतू कुठून तरी आणावे लागतात. चालू प्रकल्पातला गाळ आणतात, तो मिळेना म्हणून मी ताजं शेण वापरायचं ठरवलं. सत्यवतीकाकींच्या गोठ्यात मी बादली घेऊन गेलो, तर त्यांनी पदर तोंडाला लावून आतल्या आत हसून घेतलं.

"इतलें शिकून शेवटी शेणाकच येवचें पडलें," त्या म्हणाल्या. पण बादल्या भरून दिल्या, आणि रोज सकाळी येऊन टाकीत डोकावून "माझ्या गायची पोरां बरीं आसत मगो?" असं विचारून जायच्या. पोरं बरी होती. पाणी निवळ बाहेर पडू लागलं. विहिरीही सुधारू लागल्या. ओल्या मातीचा वास येऊ लागला. मी शाणूकाकांना बाहेरचं पाणी काचेच्या ग्लासात धरून दाखवलं. त्यांनी ग्लास उजेडाकडे केला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. चवथ जवळ आली. प्रकल्पावरचा ऑपरेटर बांद्याचा, त्याच्याही घरी गणपती. त्यानं सुटी मागितली. मी म्हणालो, "जा रे बिनधास्त. यंत्र आपोआप चालतं."

मयेच्या आमच्या घरी चवथीला सगळी भावकी जमते. चुलते, चुलतभाऊ, त्यांच्या सुना, नातवंडं, मुंबईचे, पुण्याचे, एक दुबईचा. एरवी घरात दोन म्हातारी माणसं असतात. संडास एक. दीड दिवसाच्या गणपतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या संडासाच्या रांगेत बादली घेऊन उभा होतो. पुढे चुलते, मागे दुबईचा. चुलते मागे वळून म्हणाले, "कितें रे, तूं तर या खात्यातलो तज्ज्ञ. ह्या घराक आणि एक संडास बांद मरे." सगळी रांग हसली. दुबईचा म्हणाला, "दुसरा वर्षभर रिकामाच राहणार, कोण बांधणार?"

तेव्हा मला ती धुळीची माटोळी दिसली.

हातातली बादली मी खाली ठेवली. नेमका त्याच वेळी खिशातला फोन वाजला असता तर गोष्ट छान जुळली असती, पण फोन घरात होता आणि तो वाजून गेला होता. शाणूकाकांचा. मी परत लावला.

"झिला," ते म्हणाले, "वायच येवंक जायत?"

बाकी काही नाही. मी पॅण्ट चढवली आणि गाडी काढली. ज्या कामासाठी रांगेत उभा होतो ते तसंच राहिलं, हेही प्रायश्चित्तात धरावं.

वाड्यावर पोचलो तर प्रत्येक घराचं दार उघडं. ओसऱ्यांवर माणसं, अंगणात गाड्या, दोरीवर टॉवेल. ज्या कुलपांपुढे मी शून्य लिहिलं होतं, ती सगळी शून्यं अंघोळी करत होती. तळाशी प्रकल्पावर गेलो. गोठ्यात एरवी येतं त्याच्या कितीतरी पट पाणी येत होतं, वर नेवऱ्या, म्हणजे आमच्याकडच्या करंज्या, तळलेलं तेल. शांत टाकीत शांतता उरली नव्हती. गाळ खाली बसण्याआधीच पाण्याच्या लोंढ्यानं उचलून बाहेर नेला होता. काकींच्या गायची पोरं एका दिवसात वाहून गेली होती, आणि मागून येणारी घाण खायला कोणी शिल्लक नव्हतं. करडं, फेसाळ पाणी पायऱ्यांच्या डोहात जाऊन साठलं होतं. वासाबद्दल मी काही लिहीत नाही.

मी बूट घालून टाकीत उतरलो. पंप बंद करून बघितले, चालू करून बघितले, ब्लिचिंग पावडरीची पोती फोडली. बाहेरची झडप बंद केली तर घाण उलटी चढून पाहुण्यांनी भरलेल्या घरांच्या संडासांतून वर येणार. उघडी ठेवली तर व्हाळात जाणार. दोनच वाटा होत्या आणि दोन्ही मीच बांधलेल्या. झडप उघडी ठेवली.

वर आलो तेव्हा काठावर बरेच लोक जमले होते. सत्यवतीकाकी शेजारणीला विचारत होत्या, जरा मोठ्यानं, "वास येवचो नाय म्हणून कोण सांगी होतो गे?"

शाणूकाका पायऱ्यांवर उभे होते. सांजेला त्याच पायऱ्यांवरून वाड्यातले सगळे दीड दिवसाचे गणपती उतरायचे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सांजेमेरेन निवळ जायत?"

"नाही," मी म्हणालो. त्या व्हाळाबद्दल माझ्या तोंडून निघालेलं ते पहिलं खरं उत्तर.

"मगे चल."

"कुठे?"

"देऊळवाड्यार."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. मधलावाडा आणि देऊळवाडा यांच्यात पालखीवरून भांडण होतं. जत्रेला पालखीचा पहिला खांदा कोणाचा, एवढाच वाद. पण तो शाणूकाकांच्या वडिलांच्या आधीपासूनचा. एका वाड्याचा माणूस दुसऱ्या वाड्यावर लग्नाला जाई, मयताला जाई, पण काही मागायला जात नसे. मागितलं की खालचेपणा आला. आणि आता व्हाळ सोडून गणपती पोचवता येईल असं पाणी म्हणजे देवळाची तळी. ती देऊळवाड्यात.

चालत गेलो. मी तसाच, टाकीतून आलेला. शाणूकाकांनी चवथीचं नवं धोतर नेसलं होतं, ते चिखलातून जाताना हातानं उचलून धरत होते.

देऊळवाड्याचा कर्ता बाबलो सोप्यावर बसला होता. वयानं शाणूकाकांएवढाच, अंगानं दुप्पट. आम्हाला अंगणात बघून तो उठला नाही.

"शाणू? वाट सांपडली तुका?"

"सांपडली."

"बस."

"बसूंक येवंक नाय. मागूंक आयलां."

सोप्यावरची बाकीची माणसं वळून बघू लागली. आतून आरतीच्या झांजांचा आवाज येत होता.

"आमचो व्हाळ बिघडला," शाणूकाका म्हणाले. "सांजेक आमचे गणपती तुमच्या तळयेत पोचवूंक जाय."

"व्हाळ कसो काय बिघडता?"

"बिघडलो."

बाबलो माझ्याकडे वळला. वरपासून खालपर्यंत बघितलं. "हो कोण?"

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. मी इंजिनिअर, चूक माझी, काकांचा यात काही संबंध नाही. छोटंसं वाक्य. पण शाणूकाका आधी बोलले.

"आमचो सोयरो. मयेचो. चवथीक आयलो."

आणि मी ते वाक्य गिळलं. सोयरा झालो. सुटलो, असं मला वाटलं, खोटं कशाला सांगू. राखणदारापुढे काकांनी माझं उणं आपल्या पदरात मागून घेतलं होतं, आणि ते त्यांच्या पदरात पडताना मी शेजारी उभा राहून बघत होतो. बाबलोच्या सुनेनं बशी आणली. सोयऱ्याला रिकाम्या तोंडी पाठवत नाहीत. शाणूकाकांनी बशीला हात लावला नाही. मी नेवरी उचलली आणि खाल्ली. आतलं सारण ओल्या नारळाचं होतं, सुक्या खोबऱ्याचं नाही. हे माझ्या लक्षात आहे याचीही लाज वाटते.

बाबलोनं माझी नेवरी संपू दिली. मग म्हणाला, "तळी देवाची. माझी आसली तर वायच विचार केलो आसतो. हाडा तुमचे गणपती."

संध्याकाळी मधल्यावाड्याचे गणपती डोक्यांवर घेऊन लोक देऊळवाड्याची चढण चढले. ढोल वाजवायचा की नाही यावर वाटेत कुजबुज झाली आणि वाजवला नाही. मी मागून चालत होतो. पुढच्या जत्रेला पालखी उचलायची वेळ आली तेव्हा शाणूकाका बाजूला झाले आणि पहिला खांदा बाबलोला दिला. कोणी मागितला नव्हता. पिढ्यांचं भांडण मिटलं. आमच्या कंपनीच्या एका साहेबांनी हे ऐकून माझं अभिनंदन केलं. तुमच्या प्रकल्पामुळे गावात एकोपा आला म्हणाले.

त्याच चवथीला, लोक परत जायच्या आधी, घरांना पुन्हा कुलपं लागायच्या आधी, मी घरोघर फिरलो आणि माणसं मोजली. बॅगा भरता भरता लोक सांगत होते. एका घरातल्या आजोबांनी विचारलं, "चवथीक कोण मोजता रे माणसां? सगळींच येतात." मी ते लिहून घेतलं नाही, पण विसरलोही नाही. साठवणाची एक मोठी टाकी आणि दुसरी शांत टाकी बांधून घेतली. त्यासाठी कंपनीत माझी चूक मीच उभा राहून सांगितली. तिथं बोलता आलं, तिथं नेवरी नव्हती. पुढच्या चवथीला ऑपरेटरऐवजी मी स्वतः प्रकल्पावर बसलो, मयेच्या माटोळीला दुबईचा चढला आणि पडला. पाणी निवळ राहिलं. तपासणीचा अहवाल घेऊन मी शाणूकाकांकडे गेलो. त्यांनी तो नीट वाचला, "बरें जालें" म्हणाले, आणि संध्याकाळी गणपती डोक्यावर घेऊन तळीकडे चालू लागले. मागे सगळा वाडा.

"काकी, पाणी स्वच्छ आहे," मी म्हणालो. "कागदावर आहे सगळं."

"मगे कागद पोचय त्यात," काकी म्हणाल्या.

असं बरीच वर्षं चाललं. विहिरी चांगल्या, व्हाळ चांगला, मासेसुद्धा परत आले, आणि गणपती तळीला. मी निवृत्त झालो. चवथीला व्हाळाच्या त्या रिकाम्या पायऱ्यांवरून जाताना मी मान खाली घालायचो आणि तरी जायचो.

या वर्षी चवथीच्या आधी शाणूकाकांचा फोन आला. आवाज थकलेला. "झिला, वय जालां माझें. औंदा आमी व्हाळार पोचयतलों. तूं यो."

गेलो. पायऱ्या घासून धुतल्या होत्या, दोन्ही बाजूंना आंब्याचे डहाळे. देऊळवाड्याची माणसंही बघायला आली होती, आणि त्यांच्यात खुर्चीवर बसून बाबलो. मला बघून त्यानं हात केला.

"सोयरे, आयलात?"

मी जवळ गेलो. वयानं तोही वाळला होता. मी ठरवलं, आता तरी सांगायचं. "बाबलोबाब, त्या वर्षी मी सोयरा नव्हतो. मी..."

"माका सांगतास?" तो म्हणाला. "चवथीचो सोयरो अत्तराचो वास मारीत येता, गटाराचो न्हय. तूं गेलो, तरी तुझो वास माझ्या सोप्यार दोन दिस आसलो."

"मग त्याच वेळी बोलला का नाहीत?"

"तूं बोलतंस काय तें बघी होतों," बाबलो म्हणाला. आणि वर, "नेवरी मात बरी खाल्लंस."

ढोल वाजू लागला. शाणूकाका पायऱ्यांच्या तोंडाशी आले, हातात घरचा गणपती, पाटावर. वाड्यात पहिला मान त्यांच्या गणपतीचा. त्यांनी पाटाची एक बाजू माझ्या हातात दिली.

"पयलो तूं उतर."

मी उतरलो. पाणी गार, घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. थोड्याच अंतरावर वरच्या अंगाला माझ्या प्रकल्पाचा पाइप पाणी सोडत होता. त्या पाण्यात काय असतं ते मी वाड्यातल्या कोणाहीपेक्षा जास्त जाणतो. काय नसतं तेही जाणतो. मूर्तीसकट तीन वेळा बुडी मारायची रीत. मी पहिली मारली. वर आलो. दुसरी मारली. वर आलो. पायऱ्यांवर हशा पिकला होता. कशाला ते मला कळेना. मग काकींचा आवाज आला, म्हातारपणानं जराही न उतरलेला.

"तोंड कित्याक इतलें घट्ट धांपलां? तुमचेंच उदक मरे तें."

खरंच. ओठ दातांत धरून, गाल आत ओढून, नाकपुड्या आवळून मी बुड्या मारत होतो. मधलावाडा, देऊळवाडा, बाबलो, सगळे बघत होते. शाणूकाका पाटाच्या दुसऱ्या बाजूनं बघत होते. ते हसत नव्हते, पण या वेळी तळीकडे वळले नव्हते, माझ्यासाठी थांबून होते.

तिसऱ्या बुडीला मी तोंड उघडलं. मोरया म्हणत खाली गेलो, पाणी भरलं, आणि वर आलो तेव्हा दोन्ही वाड्यांची नजर माझ्या गळ्यावर. मी गिळलं. ढोल वाढला. शाणूकाकांनी ओंजळभर पाणी घेऊन स्वतःच्या डोळ्यांना लावलं आणि मागच्या गणपतीला खाली उतरायची खूण केली.

घरी परतल्यावर मी बायकोला न कळता एक गोळी घेतली. पोटाची. हे मी कोणालाही सांगणार नव्हतो. पण सत्यवतीकाकी हा दिवाळी अंक दरवर्षी आणतात आणि नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवतात, आणि त्या घरात आणखी एकदा गप्प बसायचं धाडस माझ्यात नाही. पुढच्या चवथीला मला पुन्हा उतरवतील. कोरड्या कपड्यांचा एक जोड आताच बाजूला काढून ठेवला आहे.